चोवीस जणांची तालीम

४ जून, सकाळी सात

ऐकतेस ना गं म्हातारे? तुलाच सांगतेय. आठ दिवसांनी हे परत ऐकशील आणि विचारशील, ही कोण बाई एवढं तोंड वाजवतेय? तूच ती. आणि हे ऐकू येतंय म्हणजे कानाचं यंत्र कानातच आहे. उशीखाली शोधत बसू नकोस.

नातीने फोनमध्ये सोय करून दिलीय. आपण बोललं की अक्षरं पडतात, बटण दाबलं की फोन तेच वाचून दाखवतो. मला अक्षर येत नाही, तेव्हा माझ्याकडून तरी गुपित फुटायची भीती नाही. बाकीच्यांना या फोनमध्ये रस नाही.

आजपासून तीन संकल्प. एक, ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायची. दोन, शिंपिणीशी वाद घालायचा नाही. तीन, नातीला अभ्यासात मदत करायची. तिसऱ्यापासून सुरू करते. पहिल्या दोन्हींना तशी घाई नाही.

नातीचा अभ्यास असा. म्हातारी माणसं ब्लडप्रेशरच्या गोळ्या खरंच घेतात का? दहा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. कोण कसा आहे हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, म्हणते. दहा उत्तरांची जुळणी बघून लपलेले गट हुडकायचे. तिच्या भाषेत लेटंट क्लास. मोठा सर्व्हे नंतर. त्याआधी परवा पायलट, म्हणजे थोड्या माणसांवर करून बघायचं. चोवीस हवीत. माणसं मी देते म्हटलं.

५ जून

वाचनालयाच्या मागे आमची ज्येष्ठांची खोली आहे. मी तिथे दहा ते एक असते. वाचायला नाही. पंखा चांगला आहे.

आज तिथे तालीम घेतली. शिकवलं नाही, नुसती आठवण करून दिली. सगळे विचारायला लागले, काय सांगायचं? कंपाउंडर म्हणाला, सगळ्यांनी रोज घेतो म्हणायचं, विषय संपला. हा चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसला, त्यामुळे स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. मी म्हटलं, अहो, चोवीसच्या चोवीस शहाणे निघाले तर पोरीला संशय येईल. हुशार आहे ती. थोडे विसराळू पाहिजेत.

विसराळू व्हायला कोणी तयार होईना. शिंपीण म्हणाली, चारचौघांत माझी शोभा करतेस होय? शेवटी भिंतीकडच्या बाकावरचे सहा जण मी नेमले. अठरा नियमित, सहा विसराळू. दोन्ही बाजूंची उत्तरं पाठ करून घेतली. 

मला कोणी शाळेत घातलं नाही ते एका अर्थी बरंच. मास्तरीण झाले असते तर पोरांचं काही खरं नव्हतं.

६ जून

पायलट झकास. एक विसराळू ऐन वेळी आपण विसराळू आहोत हेच विसरला. मी खोकले. सुधारला.

मी अर्थातच नियमित. आता तसं बघितलं तर गोळी मी घेत नाही. ही गोळी पोटात गेली की दर अर्ध्या तासाने उठावं लागतं, आणि ज्येष्ठांच्या खोलीला एकच संडास, तोही जिना उतरून. म्हणून ज्या दिवशी खोलीत जायचं त्या दिवशी गोळी नाही, एवढाच नियम. खोली रोज उघडी असते त्याला मी काय करू?

९ जून

नात खूश. उड्या मारायची बाकी होती. म्हणाली, आजी, इतके स्वच्छ गट मी पुस्तकातसुद्धा बघितले नाहीत! दोनच गट, मधे धूसर काही नाही. तुझी माणसं म्हणजे रत्नं आहेत.

सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, माणसं ओळखता यायला हवीत.

१२ जून, दुपारी

तिचा कॉम्प्युटर सकाळपासून घुमतोय. विचारलं, कसलं एवढं दळण चाललंय? म्हणाली, सिम्युलेशन. मोठ्या सर्व्हेला किती माणसं लागतील ते आधी ठरवायला हवं. थोडी घेतली तर लपलेले गट हाती लागणार नाहीत, वर्ष फुकट जाईल. भरमसाट घ्यायची तर मी किती दारं ठोठावू? म्हणून मी कॉम्प्युटरात खोटी माणसं तयार करते. कोण कुठल्या गटातला ते मीच ठरवते. मग ते झाकून ठेवते आणि कॉम्प्युटरला सांगते, आता नुसत्या उत्तरांवरून गट शोध. शंभर माणसं घेऊन हजारदा, दीडशे घेऊन हजारदा, दोनशे घेऊन हजारदा. ज्या आकड्याला गट जवळजवळ दर वेळी बरोबर सापडतात, तेवढी खरी माणसं घ्यायची.

म्हणजे लपंडाव. राज्य कॉम्प्युटरवर. मला आवडलं. मी सहज विचारलं, पण ही तुझी खोटी माणसं उत्तरं देतात कुणाच्या डोक्याने?

म्हणाली, तुमच्याच. पायलटमध्ये तुम्ही चोवीस जणांनी जशी दिलीत, तशी.

माझा चहा निवून गेला.

मी एकदा खोटं बोलले. ते यंत्र सकाळपासून तेच हजारहजारदा बोलतंय.

१३ जून

ठरलं. आज सांगायचं. जेवताना नको, पोर दोन घास खात असते. जेवल्यावर नको, पचायचं असतं. मधला वेळ सापडला की लगेच.

१४ जून

तिचं डोकं दुखत होतं.

१५ जून

तिचं थांबलं. माझं दुखलं.

१६ जून

आधी नीट चौकशी करावी, मगच घाबरावं, असा विचार केला. खोलीत सगळ्यांना शपथ घालून खरं विचारलं.

शिंपीण म्हणाली, गोळीने मला गरगरतं, सुईत दोरा जात नाही. शिवायचं काम असेल त्या दिवशी घेत नाही. काम कधी नसतं, विचारलं, तर उलट माझ्यावरच डोळे वटारले. कंपाउंडर गोळीचे नखाने दोन तुकडे करतो आणि अर्धीच घेतो. डॉक्टर कालचं पोर आहे म्हणे, डोस जास्त लिहितं. असे मुद्दाम टाळणारे, आणि घरी थाप मारणारे, नऊ निघाले. माझ्यासकट.

मी नेमलेले सहा विसराळू मात्र रोज न चुकता घेतात. तक्रारही करत होते, तुझ्यामुळे बदनामी झाली.

म्हणजे एक अख्खा गट. टाळणारे. पोर ज्यांना शोधायला निघालीय ते हेच, आणि तिच्या कागदावर त्यातला एकही नाही. नऊ जणांना मी हाताला धरून नियमितांत नेऊन बसवलं.

शिंपिणीला म्हटलं, मी आज सांगणार. ती म्हणाली, सांग की. पण माझं नाव घेतलंस तर तुझ्या पोलक्याची बाही आयुष्यभर तिरकी शिवीन.

१७ जून, सकाळी

उपाय सापडला! इतके दिवस सुचला कसा नाही?

आम्ही नऊ जणांनी आजपासून रोज गोळी घ्यायला लागायचं. मग आमची उत्तरं खोटी उरतच नाहीत. जरा लवकर दिली गेली, इतकंच. कोणाला काही सांगायची गरज नाही, पोरीचा आकडा बरोबर, आणि तब्येत सुधारेल ती वेगळीच. खोलीत मांडलं. सगळ्यांना पटलं. कंपाउंडरसुद्धा म्हणाला, उद्या अख्खी घेतो.

आज घेतली नाही. उद्यापासून सगळ्यांनी बरोबर घ्यायचीय.

१८ जून

नऊ जणांनी घेतली. आठ वाजता, घरून निघण्याआधी.

साडेदहाला पहिली उठली ती मी. पावणेअकराला जिन्यावर चौघे उभे. अकराला वाचनालयाच्या बाई वर आल्या आणि विचारायला लागल्या, खाली रांग कसली लागलीय? कंपाउंडर आत आणि शिंपीण दार वाजवतेय, अहो, लवकर आटपा, दवाखान्याच्या खिडकीतसुद्धा एवढा वेळ लावत नव्हतात! आतून तो ओरडला, बाई, धीर धरा, अख्खी घेतलीय! नेमलेले सहा विसराळू वर पंख्याखाली आरामात बसून हसत होते. ते सकाळी पाचला उठून घेतात, त्यांचं घरीच आटोपलेलं असतं.

मी बारालाच घरी आले. रिक्षा केली.

१९ जून

आज कोणी घेतली नाही. कोणी कोणाला विचारलंही नाही.

२१ जून, दुपारी

आकडा आला. दोनशे. दोनशे माणसं घेतली की हजारातल्या साडेनऊशे वेळा दोन्ही गट चोख सापडतात. नातीचा आनंद मला बघवेना. दोनशे म्हणजे याच गावात, घरी राहून, तीन महिन्यांत काम उरकतं.

तिच्या गाईडबाईंचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून ऐकला. बाई म्हणाल्या, गट जरा धूसर असते तर? एखादा तिसरा गट असता तर? तेही चालवून बघ. पोर म्हणाली, मॅडम, पायलट इतका स्पष्ट आहे की गरज वाटत नाही. बाई म्हणाल्या, ठीक, तुझ्या जबाबदारीवर.

मी पडद्यामागून पुढे आले. म्हटलं, बाई म्हणतात तर बघ की धूसर करून. मला विचारशील तर सहाशे घे. ती हसायला लागली. म्हणाली, आजी, बाजारात वांगी घेतोय का, अजून दोन टाक म्हणायला? काही कारण असेल तर सांग, आत्ता बदलते.

कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी म्हटलं, कारण काही नाही, आपलं वाटलं.

तरी सहाशे हा आकडा मी सुचवला, हे नोंदवून ठेवते. मी हात झटकले असं कोणी म्हणू नये.

२४ जून, सकाळी नऊ

आज तिची समिती. दोनशेचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. समिती तीन महिन्यांतून एकदाच बसते. आज सांगितलं नाही तर संपलंच.

दारात अडवलं. म्हटलं, थांब, तुला एक सांगायचंय. ती थांबली. पायात एकच चप्पल, दुसरी हातात, डोळे माझ्याकडे. म्हटलं, छत्री घे.

बाहेर लख्ख ऊन आहे.

२४ जून, संध्याकाळी

मंजूर.

२६ जून, सकाळी अकरा

मंजूर झालेला आराखडा तिने मला वाचून दाखवला. सगळा नाही, शेवटचं पान. तिथे आभार मानलेत. गाईडबाईंचे दोन ओळींत. त्याखाली माझे तीन ओळींत. पायलटसाठी चोवीस प्रामाणिक माणसं मिळवून देणाऱ्या माझ्या आजीला, असं. प्रामाणिक हा शब्द तिने दोनदा वाचला. मला आवडेल म्हणून.

मी सांगितलं.

सगळं सांगितलं. तालीम, सहा नेमलेले, खोकला, नऊ टाळणारे. शिंपिणीचं नावही आलं. वाटलं होतं, ओरडेल. तिने विचारलं, ते सहा कोण? सांगितलं. आणि तू कुठल्या गटात? म्हटलं, टाळणारी. कधीपासून? म्हटलं, दोन वर्षं.

तिने हातातलं पान पालथं ठेवलं. मग म्हणाली, आकडा पुन्हा काढता येतो गं. पण मी रोज बाहेर पडताना तुला विचारायचे, आजी, गोळी घेतलीस? आणि तू रोज हो म्हणायचीस.

आणि आत जाऊन समितीला मेल लिहायला बसली. आराखडा मागे घेते म्हणून.

२७ जून

सून बोलली. तिला जे बोलायचं होतं ते. बरोबरच बोलली. पण दोन वाक्यांत झालं असतं.

मी मात्र खचलेली नाही. चूक कबूल केली, आता भरपाई. नव्या पायलटची जबाबदारी मीच घेणार. सगळ्यांना दम देऊन खरं बोलायला लावणार. त्यासाठी उद्या एक छोटी तालीम.

२८ जून

पोर म्हणाली, नवा पायलट दुसऱ्या गावात. अनोळखी माणसांवर. आणि आजी, तू तिथे येणार नाहीस.

तालीम रद्द.

२० जुलै

नव्या पायलटचे आकडे आले. तीन गट. तिसरा टाळणाऱ्यांचा. त्यांची उत्तरं निम्मी नियमितांसारखी, निम्मी विसराळूंसारखी, दोन्हींत मिसळून जातात. पुन्हा खोटी माणसं केली, पुन्हा हजारदा. दोनशे माणसांत हा गट हजारातून तीनशे वेळासुद्धा सापडत नाही. बाकी वेळा कॉम्प्युटर त्यांना ओढून दुसऱ्या दोघांत टाकतो. मी टाकलं तसंच.

मग किती लागतील? विचारलं. साडेसहाशे, म्हणाली. मी म्हणणार होते, मी सहाशे सांगितले होते. म्हटलं नाही. 

जुन्या चोवीस जणांचं काय केलंस, विचारलं. म्हणाली, ते वगळले. आभाराचं पान नवीन आहे. वाचून दाखवलं नाही.

४ ऑगस्ट

साडेसहाशे या गावात मिळत नाहीत. समिती सप्टेंबरात बसेल, पण त्याआधी जाऊन ओळखीपाळखी करायला हव्यात. पोर आज गेली. पाच महिने बाहेर. भाड्याची खोली, खिडकी गल्लीकडे, असं सुनेने सांगितलं. मला तिने सांगितलं नाही.

जाताना वाकून नमस्कार केला. गोळीचं विचारलं नाही. जूनपासून विचारतच नाही.

५ ऑगस्ट

संकल्प एकच. रोज घ्यायची. सून समोर उभी राहून देते.

९ ऑगस्ट

गोळी गालात ठेवता येते. सून वळली की कुंडीत. हे कायमचं नाही. आठवडा जरा धावपळीचा आहे.

१७ ऑगस्ट

कुंडीतलं झाड जोरात आलंय. त्याला मात्र मानवली.

२३ ऑगस्ट

मन लागेना. एकटीच डॉक्टरकडे गेले. कंपाउंडर म्हणतो ते कालचं पोर. त्याला म्हटलं, बाबा, दोन वर्षं मी तुझी गोळी घेत नाही, सकाळी घेतली की खोलीत बसता येत नाही. वाटलं होतं, झापेल. तो म्हणाला, आजी, मग एक वाजता घरी आल्यावर घेत जा की. कागदावर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं.

दोन मिनिटं. बाहेर येऊन जिन्यावर बसले. दोन वर्षं लपवलं, चोवीस जणांना नादी लावलं, पोरीला घरातून घालवलं. आणि औषध काय, तर एक वाजता घे.

३ सप्टेंबर

रविवारी पोर फोन करते. सुनेशी बोलते. मग फोन माझ्याकडे येतो. मी विचारते, काय पाठवू? म्हणते, काही नको. किती घरं ओळखीची झाली? बरीच. जेवतेस का? हो. असे चार रविवार.

एक वाजताची गोळी छान चालू आहे. सहा दिवस सलग. आज सातवा. आज सांगीन.

३ सप्टेंबर, संध्याकाळी

आज दुपारी शिंपीण आली. बाही उसवून दाखवत बसली, ती चार वाजेपर्यंत. तिच्यासमोर उठबस नको म्हणून गोळी घेतली नाही.

पाचला फोन आला. नेहमीचं झालं. मग मधेच पोरीने विचारलं, आजी, गोळी घेतलीस? जूननंतर पहिल्यांदा. तोंडात हो तयार होतं. वाटलं, सहा दिवस घेतलीच आहे, सातातले सहा म्हणजे हो म्हणायला हरकत नाही. बोलून गेले, नाही. टाळली. शिंपीण आली होती.

मला वाटलं, आता ठेवते फोन. मग म्हणाली, अजून दिवस आहे, आत्ता घे, मी थांबते. घेतली. पाण्याचा घोट ऐकू गेला असणार. मग जरा वेळाने, जसं काही मधे दोन महिने गेलेच नाहीत अशी, विचारायला लागली, आजी, इथले शेंगदाणे खवट आहेत गं, दारोदार हिंडताना खिशात ठेवायला काहीतरी लागतं.

उद्या सकाळी विसरू नकोस, म्हातारे. सुनेला सांगायचं. शेंगदाणे पाठव. घरी भाजून, मंद आचेवर, सालं काढून, मीठ न लावता. पिशवीत नको, दमट होतात. झाकणाचा मोठा डबा. आणि कमी पडणार नाहीत एवढे.